चित्र आधी, शब्द नंतर : माहितीची आणि कवितांची चित्रपुस्तकं

गेल्या अंकात आम्ही लहान मुलांच्या पुस्तकांविषयी प्रश्न मागवले होते. गोष्टींच्या पुस्तकांबद्दल फारसं कुणी विचारलं नाही. बहुतेक पत्रं दोनच प्रकारांबद्दलची होती : माहितीची चित्रपुस्तकं आणि कवितांची चित्रपुस्तकं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझी नात चार वर्षांची आहे. आजवर तिला गोष्टींचीच पुस्तकं आणली. माहितीची पुस्तकं इतक्या लवकर द्यावीत का? आणि द्यायची तर नेमकी कोणती? (एक आजोबा)

चार वर्षं म्हणजे लवकर नाहीच, आजोबा. या वयातलं मूल दिवसभर 'हे काय?' आणि 'असं का?' एवढंच विचारत असतं. माहितीचं पुस्तक हे त्याच्याच प्रश्नांचं पुस्तक आहे. खास मुलांसाठी छापलेल्या चित्रपुस्तकांमधलं अगदी सुरुवातीचं मानलं जाणारं पुस्तकसुद्धा गोष्टीचं नव्हतं. योहान आमोस कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस' हे पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला निघालं. त्यात दीडशे प्रकरणं होती आणि प्रकरणागणिक चित्र. चित्रातल्या वस्तूंवर आकडे घातलेले आणि मजकुरातल्या त्या त्या शब्दालाही तोच आकडा. मुलानं आकड्यावर बोट ठेवायचं आणि शब्द शोधायचा. आजच्या चांगल्या माहितीपुस्तकांतल्या रेघा आणि नावांच्या पट्ट्या हेच काम करतात.

भेट द्यायची म्हणून लोक बहुतेकदा 'हजार गोष्टी' छापाचा जाडजूड ठोकळा उचलतात. चार वर्षांच्या मुलाला तो देऊ नका. एका पानावर दहा-बारा चित्रं, प्रत्येकाखाली एक ओळ, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मूल पानं उलटत राहतं आणि कशावरच थांबत नाही. त्यापेक्षा एकाच विषयाचं बारीक पुस्तक घ्या. नुसत्या गांडुळावर, नुसत्या सावलीवर, एका झाडाच्या वर्षभरावर. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छपाईत १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं, धरला तर दोन फर्म्यांत ते बसतं. शीर्षकाची वगैरे पानं वगळली तर हाती बारा ते चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. एक विषय नीट उलगडायला तेवढी पुरतात, शंभर विषयांना ती कधीच पुरायची नाहीत.

पहिल्या दहा पुस्तकांचा संच आम्ही असा करू. दोन पुस्तकं 'होत जाणाऱ्या' गोष्टींची : बी ते झाड, अंडं ते पक्षी. ती क्रमानंच वाचावी लागतात, त्यामुळे गोष्टींची सवय असलेल्या मुलाला तिथून आत शिरणं सोपं जातं. एक 'हे कसं चालतं'चं, ज्यात नळाचं पाणी कुठून येतं किंवा क्रेन वजन कसं उचलते हे आतून कापलेल्या चित्रात दाखवलं आहे. एक मापांचं, ज्यात प्राण्यांची पावलं किंवा अंडी खऱ्या आकारात छापलेली आहेत. एक मुलाच्या स्वतःच्या शरीराचं. एक पूर्णपणे मुलाच्या सध्याच्या वेडाचं, मग ते वेड रोडरोलरचं का असेना. उरलेली चार कवितांची : एक बडबडगीतांचं, एक कोड्यांचं, एक अख्ख्या पुस्तकभर चालणाऱ्या एकाच कवितेचं, आणि एक कमी शब्दांच्या, शांत कवितांचं. शेवटचं पुस्तक लोक हमखास गाळतात. मुलांना फक्त धांगडधिंगा आवडतो असा समज असतो. निजायच्या आधी चार शांत ओळी ऐकणाऱ्या मुलाचा चेहरा पाहिला की तो समज टिकत नाही.

प्रश्न : आम्ही काही शास्त्रज्ञ नाही. पुस्तकातली माहिती बरोबर आहे हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

मजकूर तपासण्याआधी चित्रं तपासा. आपण शब्द वाचत असतो तेव्हा मूल चित्र वाचत असतं. शब्दांतली चूक आपण वाचताना सुधारू शकतो, पण चित्रातली चूक मुलानं आपल्या आधीच वाचलेली असते. शिवाय मजकूर निदान कुणी तरी तपासतं. चित्र 'गोड दिसतंय ना' एवढ्यावर पास होतं.

काही ठिकाणं ठरलेली आहेत. तिथे आधी नजर टाका.

मुंगी किंवा कोणताही कीटक : शरीराचे तीन भाग, डोकं, छाती आणि पोट. सहाही पाय मधल्या भागातून, म्हणजे छातीतून निघतात. चित्रकार घाईत असला की पाय तिन्ही भागांना वाटून टाकतो, दोन-दोन-दोन. कोळ्याला आठ पाय असतात आणि तो कीटक नाही. कीटकांच्या पुस्तकात तो काही खुलासा न करता येऊन बसला असेल तर पुस्तक खाली ठेवा.

बेडूक : डिंभाला म्हणजे बेडूकमाशाला आधी मागचे पाय फुटतात, पुढचे नंतर, आणि शेपूट सर्वांत शेवटी जाते. पुढचे पाय आधी दाखवणारी चित्रं पुष्कळ सापडतात.

फुलपाखरू : इथे आपल्या भाषेमुळेही घोटाळा होतो. मराठीत 'कोष' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो. रेशमाच्या किड्यासारखे अनेक पतंग स्वतःभोवती धाग्यांचं वेटोळं विणतात. बहुतेक फुलपाखरं तसं करत नाहीत. त्यांची अळी शेवटची कात टाकते आणि आतून गुळगुळीत, कडक आवरणाचा कोष उघडा पडतो. तो अनेकदा फांदीला किंवा पानाला लटकलेला असतो. म्हणून फुलपाखराच्या पुस्तकात धाग्यांचा गुंडाळा काढलेला दिसला, तर चित्रकारानं पतंगाचं चित्र समोर ठेवून काम केलं आहे असं समजा. अळीचे पायही मोजा : पुढे खऱ्या पायांच्या तीन जोड्या, मागे जाडसर, आखूड पायांसारखे उंचवटे. सगळे पाय एकसारखे काढले असतील तर बघून काढलेले नाहीत.

आकाश : चंद्रकोरीच्या कुशीत चांदणी काढलेली असते. कोरीचा काळा भागही चंद्रच आहे, दिसत नाही इतकंच. त्याच्या आत चांदणी दिसणं शक्य नाही. इंद्रधनुष्यात तांबडा रंग बाहेर आणि जांभळा आत हवा, आणि इंद्रधनुष्य बघणाऱ्याच्या पाठीशी सूर्य हवा. एकाच चित्रात समोर इंद्रधनुष्य आणि त्याच्या बाजूला हसरा सूर्य म्हणजे चूक. ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन एकाच हिमखंडावर बसले असतील तर तीही चूक. अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिण गोलार्धातले.

मजकुरात 'मधमाशी फुलांतून मध गोळा करते' असं वाक्य आहे का ते पाहा. ती मकरंद गोळा करते आणि त्याचा मध पोळ्यात तयार होतो. 'उंटाच्या मदारीत पाणी असतं' हेही असंच वाक्य. मदारीत चरबी असते. अशी दोन वाक्यं सापडली की बाकीचं पुस्तक तपासत बसायची गरज नाही.

याउलट पुस्तक विश्वासाचं आहे हे सांगणाऱ्या खुणा शेवटच्या पानांवर असतात. विषयाच्या जाणकाराचं नाव तपासनीस म्हणून दिलेलं, शब्दांचा अर्थ, सूची, आणि मोठ्यांसाठी बारीक टायपात एखादं पान. अमुक चित्रात काय सोपं करून दाखवलं आहे हे लेखकानं स्वतःहून सांगितलं असेल तर फारच उत्तम. सूर्यमालेचंच घ्या. पृथ्वीचा ठिपका २ मिलिमीटरचा काढला तर सूर्य साधारण २२ सेंटिमीटरचा काढावा लागेल, आणि ठिपक्यापासून तेवीस मीटरहून लांब. हे कोणत्याच पानावर मावणार नाही, म्हणून चित्र प्रमाणात नसणं हा दोष नव्हे. 'हे चित्र प्रमाणात नाही' ही ओळ नसणं हा दोष.

प्रश्न : फोटोंचं पुस्तक चांगलं की चित्रांचं?

दोन्हींचं काम वेगळं आहे. वस्तू ओळखायची असेल तर फोटो. आत काय चाललंय किंवा काळ कसा पुढे सरकतो हे दाखवायचं असेल तर चित्र. जमिनीखालचं बीळ, पोटातलं बाळ, महिनाभरात वाढलेलं मूळ या गोष्टी चित्रातच नीट कळतात, कारण चित्रकार नको ते काढून टाकू शकतो.

फोटोत मुख्य अडचण आकाराची होते. मुंगीचं तोंड पानभर छापतात, शेजारच्या पानावर हत्ती तेवढाच. तीन वर्षांच्या मुलाला दोन्ही सारखेच मोठे वाटतात आणि त्यात त्याची चूक नाही. ज्या पुस्तकात शेजारी बोट, तळहात किंवा माणसाची आकृती तुलनेसाठी दिली आहे ते निवडा. नसेल तर वाचताना तुम्ही मध्ये बोलायचं : 'खरी मुंगी एवढीशी, तुझ्या नखाहून लहान.' मग खरी मुंगी शोधून दाखवायची.

प्रश्न : मुलांच्या कवितांची पुस्तकं भरमसाट निघतात. यमक जुळलेलं असतं, चित्रं रंगीत असतात, तरी मुलगी ऐकत नाही. कविता चांगली आहे हे कशावरून ओळखायचं?

पुस्तक हातात घ्या आणि तयारी न करता, मोठ्यानं, नेहमीच्या बोलण्याच्या वेगानं दोन कविता वाचा. जीभ कुठे अडखळते ते पाहा. चांगली बालकविता पहिल्याच वाचनात आपली चाल आपणच सांगते. एखादी ओळ लयीत बसवायला शब्द ओढावा किंवा गिळावा लागला, तर तुमच्या मुलीचा कानही तिथेच सुटतो. ती कंटाळते असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात तिचा ठेका चुकलेला असतो.

उदाहरण म्हणून गोगलगायीवरच्या दोन ओळी पाहू :

गोगलगाय हळूच चाले छान
डुलवीत मस्त आपले कान

यमक जुळलं आहे. पण 'छान' कशासाठी आला? 'कान'साठी. आणि 'कान' कशासाठी आला? 'छान'साठी. गोगलगायीला कान नसतातच. डोक्यावर दिसतात ती शिंगं म्हणजे स्पर्शिका, आणि जमिनीवरच्या गोगलगायीच्या लांब जोडीच्या टोकाला डोळे असतात. म्हणजे यमकासाठी एक रिकामा शब्द आला, एक खोटी माहिती आली, आणि भरीला 'मस्त' आला. आता तोच विषय अष्टाक्षरीत :

गोगलगाय निघाली
पाठीवर तिचं घर
एका पायाने चालते
चकाकत्या रेघेवर

दर ओळीला आठ अक्षरं. बोटांवर मोजून पाहा, मुलांनाही मोजू द्या. शब्द सगळे बोलण्यातले. यमक एकदाच आहे आणि ते ओढून आणलेलं नाही. आणि जे म्हटलं आहे ते खरं आहे : गोगलगायीला एकच रुंद, स्नायूंचा पाय असतो आणि ती स्वतःच सोडलेल्या चिकट द्रवाच्या थरावरून सरकते. कविता फार थोर नाही, पण तिनं मुलाला दोन गोष्टी बघायला लावल्या. उद्या भिंतीवर चकचकीत रेघ दिसली की ते ओळखेल.

म्हणून कवितांचं पुस्तक चाळताना यमकाच्या जागचे शब्द तेवढे वाचत जा. छान, मस्त, फार, किती, खास, हो, रे असे शब्द सारखे तिथे बसलेले दिसले तर कवीनं जागा भरल्या आहेत. तसंच 'जाई, येई, घेई' अशी रूपं. एखादी खपून जाते, पण दर ओळीत आली तर मुलाला ती परक्या भाषेसारखी वाटते, कारण घरात तसं कुणीच बोलत नाही. शेवटच्या कडव्यात 'म्हणून मुलांनो, नेहमी...' असं सुरू झालं की ती कविता सोडून द्या. सगळं पुस्तकच तसं असेल तर पुस्तकही.

चित्रांसाठी वेगळी कसोटी. कवितेत 'पाऊस' म्हटलं म्हणून चित्रात पाऊस, 'छत्री' म्हटलं म्हणून छत्री, एवढंच असेल तर चित्रानं काही केलं नाही. चांगलं चित्र कवितेनं न सांगितलेलं काहीतरी दाखवतं. छत्रीखाली कोण लपलंय, पाऊस थांबल्यावर अंगणात काय उरलं. कोड्यांच्या कवितांत मात्र एक ठोस गोष्ट तपासा : उत्तर पान उलटल्यावर यायला हवं. त्याच पानावर चित्र काढून उत्तर फोडणारी पुस्तकं आहेत. मूल आधी चित्र वाचतं, त्यामुळे तिथे कोडं सुरू होण्याआधीच संपतं.

एका जोडपानावर एक कविता हे लहानांसाठी योग्य प्रमाण. चार वर्षांपर्यंत चार ते आठ ओळींच्या कविता, पुढे बारा-सोळा ओळी चालतात. ध्रुवपद असेल तर आणखीही लांब चालते. एका पानावर तीन कविता आणि कोपऱ्यात फुलांची नक्षी असा संग्रह घरात असायला हरकत नाही, पण तो तुम्ही वाचून दाखवायचा. मुलाच्या हातात द्यायचं चित्रपुस्तक तो नव्हे.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. पुस्तक दिलं की तोंडात घालतं. थांबावं का?

थांबू नका. या वयात पुस्तक असंच वाचलं जातं. जाड पुठ्ठ्याची पानं आणि गोल कापलेले कोपरे हवेत, आणि सुटणारे मणी, टिकल्या, बटणं काही नको. एका पानावर एकच वस्तू, मागे कोरी पार्श्वभूमी. दहा-बारा पानं पुरेत. पुठ्ठ्याचे थर सुटायला लागले की पुस्तक बाजूला ठेवा, कारण सुटलेला तुकडा घशात अडकू शकतो. चावून ओलं झालेलं पुस्तक लगेच मिटून ठेवू नका, पानं चिकटतात आणि बुरशी धरते. पंख्याच्या हवेत उभं, उघडं ठेवून वाळवा.

याहून लहान बाळ असेल तर चित्र चेहऱ्यापासून २० ते ३० सेंटिमीटरवर धरा. नवजात बाळाला साधारण त्याच अंतरावरचं बरं दिसतं, आणि काळ्या-पांढऱ्या ठळक आकृत्या फिक्या रंगांपेक्षा लवकर कळतात. कवितेला तर वयाची अटच नाही. चाल आणि आवाज बाळाला शब्दांच्या आधी पोचतात.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा. समुद्राचं पुस्तक आणलं, तर दर वेळी शार्कचं पानच उघडतो. पहिल्यापासून वाचू देत नाही. सवय लावावी का?

नका लावू. माहितीचं पुस्तक हव्या त्या पानापासून वाचायचं असतं, आणि तुमच्या मुलाला हे आपणहून कळलं आहे. आपण मोठेही स्वयंपाकाचं पुस्तक किंवा शब्दकोश पहिल्या पानापासून वाचत नाही. त्याला त्याचं पान रीतसर शोधायला शिकवा. शेवटच्या सूचीत 'श' दाखवा, तिथला आकडा दाखवा, मग तो आकडा पानाच्या कोपऱ्यात शोधू द्या. पाच वर्षांच्या मुलाला दोन आकडी संख्या वाचता येत नसेल तर आकडा कागदावर लिहून द्या, तो जुळवून शोधेल. आठवडाभरात तो सूचीतला दुसरा कुठला तरी शब्द विचारेल. शार्कच्या पानावरून बाहेर पडायची वाट तीच.

बऱ्याच पुस्तकांत मजकुराचे दोन थर असतात : मोठ्या टायपातली एक ओळ आणि खाली लहान टायपात परिच्छेद. पहिल्या वाचनाला फक्त मोठ्या ओळी वाचा. लहान टाइप मुलानं विचारलं तरच. सगळंच वाचायचं ठरवलं की दुसऱ्या जोडपानावर मूल उठून जातं, आणि आपण म्हणतो, पुस्तक अवघड आहे.

वाचताना प्रश्न विचारायचे तर 'हे काय आहे?' याच्या पुढे जा. 'याला डोळे कुठे असतील?', 'हा आता कुठे निघालाय?' मूल एका शब्दात बोललं तर तो शब्द उचलून थोडा वाढवून परत द्या. ते म्हणालं 'शेपूट', तर तुम्ही 'हो, शेपूट डावी-उजवीकडे हलवतो आणि पुढे जातो.' माशांची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची आडवी असते आणि वर-खाली हलते. चित्रात हे तपासण्याजोगं आहे आणि पाच वर्षांच्या मुलाला हा फरक शोधायला फार आवडतो. एका पानावर दोन प्रश्न पुरे. जास्त झाले की परीक्षा होते.

प्रश्न : माहितीच्या पुस्तकात प्राणी कपडे घालतात, बोलतात. मुलांचा गोंधळ होत नाही का?

कोण काय सांगतंय हे वेगळं दिसत असेल तर होत नाही. एखादा उंदीर वाटाड्या म्हणून पानोपानी फिरतो आणि प्रश्न विचारतो, पण त्याच्याभोवतीचं बीळ, मुळं, गांडुळं खरी आहेत. असं चालतं. ज्या प्राण्याची माहिती द्यायची तोच चष्मा लावून, मागच्या पायांवर उभा राहून 'मी गवत खातो' म्हणतो तिथे घोळ होतो, कारण मुलानं कोणतं अर्ध खरं मानायचं? कुठेतरी एका पानावर तो प्राणी आहे तसा, चार पायांवर, दाखवलेला हवा.

प्रश्न : सिंहानं हरीण धरलेलं चित्र आहे. ते पान गाळावं का?

रक्तामांसाचा जवळून घेतलेला फोटो असेल तर पाच वर्षांखाली गाळा. चित्र असेल आणि ओळ साधी असेल, 'सिंहीण शिकार करते, पिल्लं खातात', तर वाचा. मुलं विचारतात, 'हरणाला दुखलं का?' खरं उत्तर 'हो' आहे. तेवढं सांगून मूल पुढे काय विचारतं त्याची वाट पाहा.

प्रश्न : बालवाडीत वीस मुलं आणि वीस मिनिटं. कविता आणि माहिती दोन्ही कसं साधावं? (एक शिक्षिका)

बाई, दोन्ही वेगळं करूच नका. एकाच विषयाची जोडी लावा : एक कविता, एक माहितीचं पुस्तक, आणि एक बघायची गोष्ट. सावली हा विषय जोडीला फार सोयीचा.

पहिल्या दिवशी पुस्तक मिटून कविता म्हणा, दोनदा. दुसऱ्यांदा यमकाच्या शब्दाआधी थांबा आणि मुलांकडे पाहा. शब्द तेच भरतील. मग चित्र दाखवा. अर्थ सांगत बसू नका. दुसऱ्या दिवशी माहितीच्या पुस्तकातली चारच जोडपानं : उजेड, अडथळा, सावली, आणि सावली लहान-मोठी होणं. तिसऱ्या दिवशी बाहेर जा. एका मुलाला उभं करा, आधी पायांभोवती खडूनं रेघ काढा, मग सावलीची. दोन-दोन तासांनी तीच कृती, त्याच पायांच्या खुणेवर. हा प्रयोग बहुतेकदा फसतो तो पायांची खूण न केल्यामुळे. मूल वीतभर सरकून उभं राहतं आणि सगळ्या रेघा बिघडतात. सर्वांत आखूड सावली बरोबर बारालाच पडेल असं मुलांना सांगू नका. सूर्य सर्वांत वर येण्याची वेळ ठिकाणागणिक आणि ऋतूप्रमाणे पुढे-मागे होते. 'कधी आखूड झाली?' एवढंच विचारा. चौथ्या दिवशी पुन्हा तीच कविता. आता मुलं ती वेगळ्या कानांनी ऐकतात.

गटासाठी पुस्तक निवडताना ते तीन मीटरवर उभं करून स्वतः लांबून पाहा. मुख्य आकृती कळत नसेल तर ते पुस्तक दोघा-तिघांत वाचायचं आहे, वीस जणांत नाही. चकचकीत कागद असेल तर खिडकीकडे तोंड करून धरू नका, अर्ध्या मुलांना नुसती चमक दिसते. खिडकी तुमच्या पाठीमागेही नको, मग पान काळं दिसतं. ती बाजूला असू द्या. पुस्तक छातीसमोर न धरता खांद्याच्या बाजूला, खालून मध्यभागी पकडा म्हणजे पान उलटताना हात चित्रावर येत नाही.

प्रश्न : भाषांतरित पुस्तकं घ्यावीत का?

माहितीची जरूर घ्या. फक्त प्राण्या-वनस्पतींची नावं आपल्या बोलण्यातली आहेत की शब्दकोशातून उचललेली आहेत ते पाहा. कवितांच्या बाबतीत काटेकोर राहा. अर्थ आला आणि लय गेली तर मुलाच्या वाट्याला काही उरत नाही. वर सांगितलेली मोठ्यानं वाचायची कसोटी इथे दुप्पट कडक लावा.

प्रश्न : घरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची माहितीची पुस्तकं आहेत. चित्रं सुंदर आहेत, पण माहिती जुनी. टाकून द्यावीत का?

विषयावर अवलंबून आहे. बेडूक, मुंगी, पाऊस, मुळं यांची पुस्तकं जुनी झाली तरी फारशी बिघडत नाहीत. अवकाश, डायनोसॉर आणि यंत्रं यांची बिघडतात. ऑगस्ट २००६ मध्ये प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली, म्हणून त्याआधीच्या पुस्तकांत नऊ ग्रह असणारच. शनीच्या चंद्रांचा आकडा मार्च २०२५ मध्ये २७४ झाला. जुन्या पुस्तकात तो कितीतरी कमी असेल. डायनोसॉरच्या अंगावर पिसांसारखं आवरण असल्याचा ठसा चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या जीवाश्मात दिसला, ती बातमी १९९६ ची. त्याआधीच्या चित्रांत बहुतेक सगळे डायनोसॉर खवल्यांचे. टी. रेक्स शेपूट जमिनीवर टेकवून ताठ उभा असेल तर ते चित्र आणखी जुन्या समजुतीचं आहे. आता तो पाठ आडवी आणि शेपूट हवेत तोललेली असा दाखवतात.

चित्रं खरोखर सुंदर असतील तर पुस्तक ठेवा आणि मुलाला सोबत घेऊन दुरुस्ती करा. साध्या कागदाची चिठ्ठी घ्या, त्यावर नवी माहिती पेन्सिलीनं लिहा, खाली तारीख टाका, आणि त्या पानाच्या कडेला फक्त वरच्या बाजूनं डिंकाची बारीक रेघ देऊन चिकटवा. सगळी चिठ्ठी चिकटवली तर पान आखडतं आणि खालचा मजकूर झाकला जातो. वरूनच चिकटवली की ती उचलून आधी काय छापलं होतं तेही वाचता येतं. सेलोटेप वापरू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि निघताना छपाई सोबत घेऊन येते.